दोन शेरांची खूण

माझं तोंड तिखट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करायला नको.

वाशीमला कापसाच्या एका जिनवाल्या शेठनं आपल्या आईच्या नावानं दहा खाटांचा जनाना दवाखाना बांधला होता. आता तो नाही, त्या जागी लाकडाची वखार आहे. तिथे मी अकरा वर्षं नर्स होते. डॉक्टर होते, पण अर्ध्या दिवसाचे, आणि त्यांचा अर्धा जीव घड्याळात असायचा. झाडलोटीला लखमा नावाची बाई होती. बाकी सगळा कारभार माझा. मी वॉर्डात पाऊल टाकलं की बायकांची कुजबुज थांबायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. सांगितलं तेवढं करा, उलट विचारू नका, हा माझा खाक्या.

दरवर्षी पौषात नागपूरहून एक डॉक्टरीणबाई आठवडाभरासाठी यायच्या. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. ज्या ऑपरेशनांना आमचे डॉक्टर हात लावत नसत ती सगळी त्या आठवड्यात व्हायची. त्रेपन्नच्या हिवाळ्यात त्यांच्या यादीत पहिलं नाव गोजराबाईचं होतं.

गोजराबाई मेडशीची सून, आसेगावची लेक. वय एकवीस. तिला बैलगाडीनं आणली होती, कारण मोटारीत लोक तिला बसू देत नसत. ती आत यायच्या आधी तिचा वास आत आला. खोटं कशाला लिहू, मी नाकाला पदर लावला. तिनं ते पाहिलं. समोर बाक रिकामा होता तरी तिनं काखेतलं गोणपाट जमिनीवर अंथरलं आणि त्यावर बसली. उठली तेव्हा खालची ओल लुगड्याच्या सोग्यानं पुसून घेतली. हे सगळं तिनं इतकं सवयीनं केलं की मलाच माझ्या पदराची लाज वाटली.

तिची हकीकत तिच्या आईनं, रंगूबाईनं सांगितली. सतराव्या वर्षी पहिलटकरीण. मेडशीला तीन दिवस, तीन रात्री अडली. सुईणीनं पोट चोळलं, तेल लावलं, उखळावर बसवलं. चौथ्या दिवशी पोर बाहेर आलं ते मेलेलं. आणि आठव्या दिवसापासून लघवी जी वाहायला लागली ती थांबलीच नाही. बसता, उठता, निजता, चालता, थेंब थेंब, रात्रंदिवस. अंगारे झाले, दोरे झाले. सुईणीचं नख लागलं असं कुणी म्हणालं, कुणी मागच्या जन्मावर नेऊन टाकलं. मांड्या सोलून निघाल्या होत्या. चार वर्षं ती गोठ्याच्या पडवीत कडब्यावर झोपत होती, कारण कडबा रोज बदलता येतो.

"सासू मारत नाई, बाई," रंगूबाई म्हणाली. "जेवाले बी देते. फकत घरात घेत नाई."

तिचा नवरा जगदेव दाराशी उभा होता. पंचविशीतला, रुंद खांद्यांचा, हातात टोपी चुरगळत. गाडी त्यानंच हाकत आणली होती. त्यानं मला बाजूला बोलावून सांगितलं, "बाई, बाबा म्हनते होळीपरेंत थांबतो. हे सुकी होऊन आली तं बोलनंच खुटलं. नाई तं शिरपूरची एक पोरगी त्यायनं पायून ठेवली हाये."

"अन् तुमी काय म्हनता?"

"मी काय म्हनू? मी म्हनतो हे बरी व्हावं." त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. "माह्यं म्हननं कोन इचारते, बाई."

दौलतराव, म्हणजे त्याचा बाप, मी कधी पाहिला नाही. पण होळी किती दिवसांवर आहे ते मी त्याच संध्याकाळी भिंतीवरच्या पंचांगात पाहिलं.

गोजराबाईला मी विचारलं, तुला काय हवं आहे. तिनं गोणपाटाची कड सारखी केली. असं तिला कुणी विचारलं नसावं. मग म्हणाली, "मले घरात झोपाचं हाये, बाई." तिच्या आईनं जुन्या लुगड्यांची नवी गोधडी शिवून आणली होती, लाल काठाची. ती गोजराबाईनं अंगाखाली घेतली नव्हती. सुकी झाल्यावर घेईन म्हणत घडी करून उशाशी ठेवली होती.

मोठ्या बाईंनी तिला तपासलं आणि मला जवळ बोलावून दाखवलं. तीन दिवस पोराचं डोकं कमरेच्या हाडात अडकून बसलं होतं. डोकं एका बाजूनं, हाड दुसऱ्या बाजूनं, आणि मधे चिरडलेली लघवीची पिशवी. रक्त थांबलं की मांस मरतं, आणि मेलेलं मांस आठवड्यानं गळून पडतं. तिथे भोक राहतं, आणि त्या भोकातून लघवी सरळ वाटेला लागते. नख नाही, करणी नाही, पाप नाही. "पावलीएवढं भोक आहे," त्या म्हणाल्या, "पण कडा चांगल्या आहेत. शिवता येईल. पहिल्या वेळी सांधलं तर सांधलं. दुसऱ्या वेळी शिवायला मांस फार कमी उरतं."

मग त्यांनी पुढचं समजावलं. टाके घातल्यावर पिशवीत रबरी नळी ठेवायची, चौदा दिवस. नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत. पिशवी रिकामी राहिली पाहिजे. भरली की ती ताणते आणि टाके उसवतात. आणि नळी वाहती राहायला हवी असेल तर बाईनं पाणी प्यायला पाहिजे, खूप, तासातासाला. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, तिच्यात रेती धरते आणि नळी बुजते. बाटलीवर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली आणि पेन्सिलीनं रेघ ओढली. दिवसाला दोन शेर. "हे सगळं तिला तिच्या भाषेत नीट समजावून सांगा," त्या मला म्हणाल्या. "का करायचं तेही सांगा. तिला कळलं पाहिजे."

मी सांगितलं. माझ्या पद्धतीनं सांगितलं. "गोजरे, हालाचं नाई. नळीले हात लावाचा नाई. दर तासाले एक पेला पानी पेवाचं. समजलं?" ती म्हणाली, समजलं. माझी समजूत अशी की समजलं म्हणणारी माणसं समजलेली असतात.

ऑपरेशन दोन तास चाललं. मोठ्या बाई घामानं भिजल्या होत्या, पण बाहेर आल्या त्या हसत. दुसऱ्या दिवशी गोजराबाईखालची चादर कोरडी होती. मी स्वतः हात फिरवून पाहिली. रंगूबाईनंही फिरवला, आणि मग तो हात तिनं आपल्या गालाला लावला. मी कडक बाई, पण मला तोंड फिरवावं लागलं.

पहिले चार दिवस मोठ्या बाई दवाखान्यातच होत्या. येता जाता पेला स्वतः तिच्या तोंडाला लावायच्या. ती मुकाट्यानं प्यायची, आणि नळीतून थेंब बाटलीत पडायला लागले की मान वाकडी करून खाटेखाली पाहत राहायची. एकदा मला म्हणाली, "बाई, वाह्यतेच अजून."

"वाहू दे. तुले काय करायचं? तू पे."

हेच ते. तिनं विचारलं होतं. बाटलीत वाहतंय ते चांगलं, अंगावर वाहतंय ते वाईट, एवढं एक वाक्य सांगायला मला वेळ नव्हता. पलीकडच्या खाटेवरची बाई ओकत होती, आणि ते बाटलीतल्या थेंबांपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

पाचव्या दिवशी मोठ्या बाई नागपूरला गेल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमच्यावर सोडून जातेय म्हणून काळजी नाही. पुढच्या वर्षी तुम्हाला नागपूरलाच नेईन म्हणते, मोठ्या दवाखान्यात." त्या दिवशी मी दिवसभर जमिनीच्या वीतभर वरून चालले असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली पाहिली तर अर्धीसुद्धा नव्हती, आणि जे होतं ते गर्द पिवळं. माझं डोकं फिरलं. सगळ्या वॉर्डासमोर मी मायलेकींना फैलावर घेतलं. पेले भरून ठेवते ते कुठे जातात, इथे तुमच्या घरची रीत चालणार नाही, आणि शेवटी बाटलीवरच्या रेघेवर बोट ठेवून, "हे पाय रंगूबाई. उद्यापासून बाटली या रेघेपरेंत भरली नाई, तं दोघीले गाडीत घालून मेडशीले धाडीन. मंग राह्यजा गोठ्यात." रंगूबाई खाली मान घालून ऐकत होती. गोजराबाईनं डोळे मिटले होते.

सातव्या दिवशी बाटली रेघेपर्यंत भरलेली होती. आठव्या दिवशीही. आणि रंग कसा, तर विहिरीच्या पाण्यासारखा निर्मळ. मी खुश झाले. रंगूबाईला म्हटलं, "जमते की नाई? बोललं की जमते." ती हसली, पदर सारखा केला. मी तिच्या केसच्या कागदावर लिहिलं: पाणी भरपूर. लघवी दोन शेर, स्वच्छ. खाली तारीख, खाली माझी सही. नवव्या दिवशी तेच, दहाव्या दिवशी तेच, अकराव्या दिवशी सकाळीही तेच. माझं अक्षर चांगलं होतं.

खरं म्हणजे बाटली पाहायची नसते, नळी पाहायची असते. वाकून, टोकाशी थेंब पडतोय का ते पाहायचं, एक एक मोजायचा. मोठ्या बाईंनी मला तसं करून दाखवलं होतं. मी बाटली पाहायची आणि पुढच्या खाटेकडे वळायची.

अकरावा दिवस बाजाराचा होता. जगदेव सकाळच्या मोटारीनं आला. धोतराच्या सोग्यात बोरं बांधून आणली होती. पुरुषांना वॉर्डात दोनलाच सोडायचे, तोवर तो बाहेरच्या निंबाखाली बसून होता. दोन वाजता मी त्याला आत घेतलं आणि औषधाच्या खोलीत जाऊन पुड्या बांधत बसले. मधे नुसता लाकडी पडदा होता. आणि मी गोजराबाईला हसताना ऐकलं. चार वर्षांचा हिशोब सोडा, त्या अकरा दिवसांत तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. तरण्या पोरीचं साधं हसणं. मी पुडी बांधायची थांबले.

ती हळू आवाजात त्याला सांगत होती, "सकाळपासून मले लागून राह्यली. समजते मले. पोट भरून आलं अन् मी थांबवून धरली. बाटलीत थेंब बी नाई गेला."

"खरं म्हनतं?"

"हात लावून पाय ना. दुखते जरासं, पन थांबली. माह्यानं थांबते आता."

त्यानं नाक ओढल्याचा आवाज आला, म्हणजे रडत असावा.

मी पुड्या टाकून उठले. नर्सचं काम करून मला बरीच वर्षं झाली होती, आणि त्या शब्दांचा अर्थ माझ्या पायांना माझ्या आधी कळला. पडदा ओलांडून पोचले तेव्हा गोजराबाईचं पोट बेंबीपर्यंत तट्ट फुगलेलं होतं. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते, आणि ती हसत होती. एवढं दुखत असताना ती हसत होती, कारण लघवी लागते म्हणजे काय हे तिला चार वर्षांनी परत कळलं होतं. मी नळीला हात घातला. त्याच वेळी तिनं "आई" असा बारीकसा आवाज केला आणि तिच्याखालून चादर भिजत गेली. मग गादी. मग खाटेच्या काथ्यातून खाली फरशीवर धार लागली, ती जगदेवच्या पायापर्यंत आली.

त्यानं पाय मागे घेतला नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगेन. खांद्यावरचं उपरणं काढलं, फरशीवर टाकलं आणि वाकून पुसायला लागला. पुसता पुसता थांबला, कारण वरून येतच होतं. मग उपरणं तसंच तिथे टाकून तो बाहेर गेला. बोरांचं गाठोडं खाटेवर राहिलं.

नळी काढली. टोकाला बोटभर रेती घट्ट बसली होती, पिवळी, चुन्यासारखी. मला समजेना. दोन शेर स्वच्छ लघवी होत असताना रेती येईल कुठून? मी खाली बसले, खाटेखालची बाटली ओढली. रेघेपर्यंत भरलेली. नाकाशी नेली. काही वास नव्हता. बोट बुडवून पाहिलं, गार होती.

पाणी होतं ते. आमच्या विहिरीचं.

"रंगूबाई," मी म्हटलं, "हे कोनं भरलं?"

ती घाबरली नाही. तिला वाटलं मी नेहमीसारखी बाटलीची चौकशी करतेय. "मीच भरतो नं बाई, रोज. तुमी म्हनलं ना रेघेपरेंत पायजे म्हून."

मग सगळं बाहेर आलं, ते तिनं अगदी सरळपणानं सांगितलं. बाळंतिणीला पाणी देत नाहीत, हे तिला माहीत होतं. तिच्या आईनं तिला दिलं नव्हतं, तिनं गोजराला दिलं नव्हतं. पाणी दिलं की अंग ओलं राहतं, जखम भरत नाही. आणि ही जखम तर तिथलीच. शिवाय पोरीला पाणी नकोच असायचं. चार वर्षं ती सकाळी दोन घोट आणि सांजेला दोन घोट एवढ्यावर काढत होती, म्हणजे कमी वाहील, कमी वास येईल, बाहेर कापूस वेचायला जाता येईल. पाणी प्यायली की बाटलीत थेंब पडायचे, थेंब पडले की ती रडायची, रोग गेला नाही म्हणायची. नाही प्यायली की बाटली कोरडी, मग शांत झोपायची. इकडे नरसबाई म्हणते बाटली भरा. तर आईनं दोघींचं ऐकलं. पेल्यातलं पाणी लेकीच्या तोंडात न घालता सरळ बाटलीत घातलं. बूच काढून, लखमाची पाठ फिरली की.

"मंग बराबर केलं ना, बाई?" ती म्हणाली. "कमी पडलं काय?"

मी बाटली खाटेखाली परत ठेवली. गोजराबाई सगळं ऐकत होती. ती हुशार पोरगी होती. मी न सांगितलेलं तिला माझ्या तोंडाकडे पाहून समजलं. तिनं आईचा हात धरला आणि म्हणाली, "माय, तू जाय, बोरं धुवून आन." आई गेल्यावर तिनं मला हात जोडले. "बाई, तिले नका सांगू. तिच्यानं झालं म्हून तिले नका सांगू."

मी नाही सांगितलं. त्या वचनाआड मी स्वतःही लपले, हे मला पुढे समजलं.

त्या रात्रीपासून गोजराबाईखाली परत गोणपाट आलं. आमच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि खांदे उडवले. मोठ्या बाईंना कळवायला हवं होतं. मी पत्र लिहायला बसले. अकराव्या दिवशी टाके उसवले, नळी रेतीनं बुजली होती, असं लिहिलं. पुढचं लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. पाणी प्यायलीच नव्हती, पाच दिवस बाटलीत विहिरीचं पाणी होतं आणि मी ते लघवी म्हणून सही करत होते, हे लिहायचं होतं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्याचं बोलणं डोक्यात होतं. माझं नाव होतं. बाकीचं उद्या लिहू म्हटलं, आणि तेवढंच पत्र, सोबत केसचा कागद होता तसा, पाकिटात घालून पाठवून दिलं. पाणी भरपूर. लघवी दोन शेर, स्वच्छ. पाच वेळा, माझ्या चांगल्या अक्षरात.

मायलेकी उत्तराची वाट पाहत राहिल्या. मी त्यांना हाकललं नाही, कोपऱ्यातली खाट दिली. रंगूबाईला अजून आशा होती. मोठ्या बाई परत येतील, एक टाका राहिला असेल तो घालतील. गोजराबाई रोज गोणपाट धुऊन वाळत घालत होती. मेडशीहून कुणी आलं नाही. पुढचा बाजार गेला, त्याच्या पुढचाही गेला.

उत्तर आलं तेव्हा शेतांत तूर निघून गेली होती. मोठ्या बाईंनी लिहिलं होतं: "कागद नीट वाचला. पाणी व्यवस्थित होतं, लघवी व्यवस्थित होती, देखभाल तुमची होती. तरीही रेती धरली आणि टाके सुटले, याचा अर्थ तिच्या मांसातच सांधायची ताकद नाही. अशा ठिकाणी पुन्हा शिवू नये. आहे त्याहून मोठं भोक होईल. तिला घरी पाठवा. मला फार वाईट वाटतं. तुम्ही स्वतःला दोष लावून घेऊ नका."

ते शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तेव्हासुद्धा वेळ होती. एक कार्ड टाकायचं होतं. कागद खोटा आहे, मांस चांगलं आहे, पोरगी तहानलेली होती, एवढंच. मोठ्या बाईंनी पुढच्या पौषात तिला परत घेतली असती, मला खात्री आहे. पुढच्या पौषात त्या आल्या तेव्हाही सांगता आलं असतं. मी त्यांच्या हातात हातमोजे दिले, नेहमीसारखे, आणि गप्प राहिले. नागपूरलाही गेले नाही. त्यांनी विचारलं तेव्हा नको म्हटलं, पण त्यानं गोजराबाईला काय मिळालं? पुढे प्रत्येक बाईला मी पाणी का प्यायचं ते घसा कोरडा होईपर्यंत सांगत सुटले. एकजण तर म्हणाली, बाई, किती बोलता.

पत्र मी गोजराबाईला वाचून दाखवलं. सगळं नाही. पुन्हा शिवता येणार नाही, एवढं.

"बरं," ती म्हणाली.

तिला न्यायला मेडशीची गाडी आली नाही. आसेगावहून तिचा भाऊ इंद्रभान आला, आपल्या बैलांची गाडी घेऊन. त्याच्याकडून कळलं, होळीच्या आधीच शिरपूरची सोयरीक पक्की झाली, सुपारी फुटली. जगदेवनं निरोप धाडला होता की गोजरानं माहेरी सुखानं राहावं. इंद्रभान हे सांगताना बैलांच्या मानेवरून हात फिरवत होता. घरी त्याची बायको होती, दोन पोरं होती, आणि त्याच्याही घराला गोठाच होता.

रंगूबाईनं सामान गाडीत ठेवलं. लाल काठाची गोधडी तिनं पुढे, हाकणाऱ्याच्या जागेजवळ उंच ठेवली, भिजू नये म्हणून, आणि मागे लेकीसाठी कडबा पसरून त्यावर गोणपाट घातलं. गोजराबाई पायरीवर उभी होती. उन्हं चढली होती. तिथे पिण्याच्या पाण्याचा रांजण होता, बायांसाठी, वर पितळी पेला उपडा. ती त्याच्याकडे पाहत होती.

"बाई, पानी देता?"

मी पेला भरून दिला. ती प्यायली. परत पुढे केला. मी परत भरला. चौथ्या पेल्याला पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यावर आलं, चोळीवर आलं, तिनं पुसलं नाही. डोळे मिटून, घटाघटा, मान मागे टाकून ती पीत होती. चार वर्षांत ती अशी प्यायली नसेल. रंगूबाई गाडीतून म्हणाली, "वं पोरी, बस कर. वाटेनं सारं वाहीन."

"वाहू दे, माय," गोजराबाई म्हणाली. "आता कायले राखू?"

आणि तिनं पेला परत माझ्यापुढे धरला. मी तो भरला.